नवसाची दाढी

झिलूची दाढी खोकल्यासाठी होती. नंदिगड्डेच्या फाट्यावर खडीच्या क्रशरवर चार वर्षं काढल्यावर त्याला जो खोकला लागला, तो गोळ्यांनी जाईना, काढ्यांनी जाईना. शेवटी त्याची बायको केशर ग्रामदेवापुढं बोलून बसली, "ह्येंचा खोकला जाईपर्यंत ह्ये तोंडाला वस्तरा लावणार न्हाईत." दाढी छातीपर्यंत आली. खोकला तिथं आधीच पोचला होता.

दिवाळीनंतर तपासणी येणार असं कळलं आणि मालकाला एकदम कामगारांच्या फुप्फुसांची आठवण झाली. बेळगावहून शिल्पा नावाची सेफ्टीवाली बाई आली. कोरोनातले कापडी मास्क तिनं बाजूला सारले. "दगडाची बारीक धूळ यातून आरपार जाते. हे लग्नाबिग्नात घाला."

मग तिनं एकेकाला दोन फिल्टरचा रबरी मास्क चढवला, डोक्यावरून पिशवी घातली आणि आत गोड पाण्याचा फवारा मारला. गोड लागलं तर मास्क गळतोय.

नऊ जणांना काही लागलं नाही. झिलू म्हणाला, "गोड हाय. जरा जास्तच."

"दाढी काढा, मामा. केसांतून फट राहते."

"नवसाची हाय."

"कसला नवस?"

"खोकल्याचा."

शिल्पाच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. मग ती म्हणाली, "पंख्याची टोपी मागवते. कमरेची मोटर गाळलेली हवा आत सोडते, दाढी चालते." सुपरवायझर गुरुदासनं रजिस्टरात लिहिलं : झिलू, टोपी.

टोपी आली. झिलूची सही झाली, टोपीसकट फोटो झाला. मग गुरुदासनं ती प्लॅस्टिकात गुंडाळून हापिसच्या कपाटात ठेवली. धूळ बसू नये म्हणून.

"गुरुदासभाऊ, मी काय घालू?"

"तपासणीदिवशी टोपी घाल."

"आनि बाकीचं दिवस?"

"टावेल हाय न्हवं?"

घरची चढण चढताना झिलू पूर्वी एकदा बसायचा. आता तीनदा बसू लागला. तिसऱ्या दगडावर त्याच्याशेजारी बसत केशरनंच विषय काढला. "दाढी काढली तर मास्क तरी मिळंल. काढायची का, देवाला इचारूया."

गुरव महाबळेश्वरनं देवाच्या पाषाणाला ओली पाकळी चिकटवली. उजवीकडं पडली तर व्हय, डावीकडं पडली तर न्हाई. पाकळी पडेना. दोन तास गेले. मास्क असा बसला असता तर प्रश्नच नव्हता.

"देव इचारात हाय," गुरव म्हणाला आणि जेवायला गेला.

चौथ्या दिवशी पाकळी वाळली आणि पडली. उजवीकडं. केशरनं नारळ फोडून देवाची माफी मागितली, झिलूनं जोयड्याला जाऊन दाढी उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरुदाससमोर गुळगुळीत उभा राहिला. "मास्क द्या."

गुरुदासनं रजिस्टर उघडलं. "मास्क बिनदाढीवाल्यांस्नी. तू दाढीवाल्यांत हायस."

"दाढी काढली की."

"दिसतंय मला. पर सही टोपीवर हाय तुझी."

"मग टोपी द्या."

"टोपी दाढीवाल्यांस्नी." गुरुदास चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "वाढव परत. मग बघू."

झिलूनं तोंडाला टॉवेल गुंडाळला. वर्षभरात पहिल्यांदा तो गालाला नीट चिकटला. मग त्याला खोकला आला आणि टॉवेल सुटला.

क्रशर सुरू झाला. घटकाभरात झिलू, टॉवेल, गुरुदासचं रजिस्टर, सगळं एका रंगाचं झालं. कपाटातल्या टोपीवर धुळीचा कण नव्हता.