मागच्या बिल्डिंगमधली मुलगी

माझी मुलगी शाळेत जात नाही असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "काही प्रॉब्लेम आहे का?" प्रॉब्लेम आहे, पण तो तिच्यात नाही, असं मी सांगतो. एवढ्यावर कोणी गप्प बसेल तर शपथ. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुम्ही घरीच असता?" हा प्रश्न मला जास्त झोंबतो. होय, घरी असतो. बायको नोकरी करते आणि मी मुलीला शिकवतो. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

आमचे आजोबा मिलमध्ये होते, वडीलही मिलमध्ये. मी मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसात बिल्डिंगची ड्रॉइंग्ज काढायचो. ऑफिस नवी मुंबईला गेलं, मी गेलो नाही. त्याच वर्षी मनूची शाळा सुटली. ती तिसरीत होती. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं, दोनदा तर शाळेच्या फाटकापाशी ओकली. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून पाढे म्हणायला लावले आणि ती चुकली तेव्हा सगळ्या वर्गाला हसायला सांगितलं. मी शाळेत गेलो, भांडलो आणि दाखला घेऊनच बाहेर आलो. रुपाली, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "निलेश, जरा थांबायचं होतंस." मला थांबता येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

पहिल्या वर्षी मी परदेशी अभ्यासक्रम घेतला. ऑनलाइन, चकाचक, रंगीत. त्यात प्रत्येक गणितात बर्फ पडायचा. आठ महिने आम्ही बर्फ मोजला. दुसऱ्या वर्षी सरकारी पुस्तकं आणली. ती वाईट नाहीत, मी उगाच नाक मुरडायचो. तिसऱ्या वर्षी मात्र मी माझाच अभ्यासक्रम बनवला आणि तो झकास जमला. अपूर्णांक तांदळाच्या घावण्याचे तुकडे करून शिकवले. भूगोल रे रोडच्या लाकडाच्या वखारींपासून सुरू केला, कुठलं लाकूड कुठल्या देशातून आलं ते विचारायचं आणि घरी येऊन नकाशावर खूण करायची. व्यवहारगणितासाठी मनू रोज साडेबाराला एकटी बाजारात जायची आणि भाजी आणायची. साडेबाराची वेळ मी विचार करून निवडली होती. त्या वेळी बाजार रिकामा असतो, भाजीवाल्यांना पोरांशी बोलायला सवड असते. असा बारीक विचार शाळेत कोण करतं?

एक गोष्ट मात्र माझ्या वेळापत्रकात बसत नव्हती. चार ते सहा खेळ, असं मी लिहिलं होतं. पण आमच्या टॉवरमधली सगळी मुलं शाळेतून येतात आणि दप्तर बदलून क्लासला जातात. मनू खाली जायची आणि वीस मिनिटांत वर यायची. "कोणी नव्हतं," म्हणायची. पुढे पुढे तिने ते म्हणणंही सोडलं. तिला सवय झाली असं मी धरून चाललो.

सवय मला झाली नव्हती, ते मी कबूल करतो. याच जागी आमची चाळ होती तेव्हा दार दिवसभर उघडं असायचं. भाजी निवडतानासुद्धा समोरच्याशी बोलणं व्हायचं. आता चौदाव्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद. रुपाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, सकाळी साडेसातला निघते ती संध्याकाळी सातला येते आणि आल्यावर तिला कोणी बोललेलं नको असतं. मी घरी शिकवणाऱ्या पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो होतो. तिथे मी एकटाच बाप. रोज सकाळी कोणीतरी 'गुड मॉर्निंग लेडीज' लिहायचं. एकदा अभ्यासक्रमावरून वाद झाला, मी चार गोष्टी फटकन लिहिल्या आणि रागारागाने ग्रुप सोडला. परत बोलवायला कोणी आलं नाही. नऊ ते पाच या वेळेत मी ज्या माणसाशी बोलायचो ते माणूस एकच, अकरा वर्षांचं.

या जानेवारीत रुपालीने विषय काढला. "मनू मोठी झाली. आता काहीतरी एक ठरव. एक तर मुक्त शाळेचा परीक्षेचा फॉर्म भर, नाहीतर बाजाराजवळच्या शाळेत सहावीला घालू. ते वयाप्रमाणे घेतात, मी विचारून आलेय."

"विचारून आलीस? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू भांडायला आधी गेला असतास."

"मुक्त शाळेचा फॉर्म भरतो," मी म्हणालो. "घरीच शिकेल. उत्तम चाललंय."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. चालेल म्हणाली."

"चालेल म्हणजे काय, निलेश?"

चालेल म्हणजे चालेल. मी फॉर्म छापून आणला, टेबलावर ठेवला. महिनाअखेर शेवटची तारीख होती. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं लिहिलं, फक्त सही राहिली. रोज सकाळी सही करू म्हणायचो आणि रोज काहीतरी निघायचं. हात का आखडत होता ते माझं मलाच कळत नव्हतं.

संक्रांतीनंतर आठवड्याने मनूला सर्दी झाली. नाक लाल, डोळे लाल. मी तिला पांघरुणात घालून स्वतः भाजीला गेलो. भाजीवाली कमळाबाई आमच्याच गावाकडची, देवगडची. चाळीस वर्षं त्याच कोपऱ्यावर बसते आणि माझ्या मुलीला चेडू म्हणते.

"आज तू इलंस? चेडू खंय?"

"सर्दी झालीय तिला."

"तरीच. आताच तेच्यो मैत्रिणी इचारून गेल्यो, मनू खंय म्हणान."

"मैत्रिणी? कुठल्या मैत्रिणी?"

"शाळेतल्यो मा. संक्रांतीक लाडू वाटल्यान नाय हयसर सगळ्यांक? माका पण दिल्यान. गुणाचा हां चेडू तुझा."

रुपालीने संक्रांतीला तिळाचे चाळीस लाडू वळले होते. मनूने डबा भरून मागितला आणि रिकामा परत आणला. "वाटले," म्हणाली. बिल्डिंगमध्ये वाटले असं मी समजलो आणि मनात खूशही झालो, म्हटलं बघा, शाळेत न जाता पोरगी माणसांत मिसळते. त्या बंद दारांवर तिने टकटक केली असेल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी अर्धा किलो वांगी घेतली आणि भाव न विचारता घरी आलो. तिला काही बोललो नाही.

तीन दिवसांनी ती बरी झाली. सव्वाबारालाच पांढरा टी-शर्ट आणि गडद निळी ट्रॅक पँट घालून निघाली. रोज तेच घालायची. पाच मिनिटांनी मी दुसऱ्या लिफ्टने खाली उतरलो. स्वतःच्या मुलीच्या मागे लपतछपत जाणाऱ्या बापाला काय म्हणतात ते मला ऐकायचं नाही. बाजाराच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला थांबलो.

साडेबाराला बाजार रिकामा असतो हे मी शोधून काढलं होतं, पण बाजाराशेजारच्या शाळेचं सकाळचं सत्र साडेबारालाच सुटतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मनू फाटकाजवळच्या केमिस्टच्या पायरीवर उभी होती. घंटा झाली तशी तिने भाजीची पिशवी घडी करून खिशात कोंबली. मुलींचा लोंढा बाहेर आला आणि ती पायरी उतरून त्यात मिसळली. एका उंच मुलीने तिच्या दंडात हात घातला. बाकी तिघी-चौघी भोवती. आणि मनू बोलायला लागली. हातवारे करून, उलट्या पावली चालत, मध्येच हसून वाकत. घरी दिवसभरात बोलते त्याहून जास्त ती त्या शंभर पावलांत बोलली. मी तिला असं बोलताना कधी पाहिलं होतं ते आठवायला लागलो आणि मला आठवेना.

कोपऱ्यावर बाकीच्या पांगल्या. मनू आणि ती उंच मुलगी कमळाबाईपाशी थांबल्या. मी काही ठरवलं नव्हतं, पण पाय तिकडे गेले. मनूने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही मनूचे पप्पा ना?" उंच मुलगी म्हणाली. "मी संघमित्रा, सहावी अ. आमचं सेक्शन पुढे आणि मनूचं मागच्या बिल्डिंगमध्ये, इंग्लिश मीडियमला, म्हणून आतमध्ये भेटताच येत नाही. यांची मजा आहे, रोज पीटीच्या ड्रेसवर चालतं."

मनू खाली बघत होती. माझ्या एका वाक्याचं काम होतं. आणि मी असा माणूस आहे की भाजीवाल्याच्या पाटीवरची चूकसुद्धा मला सोडवत नाही.

"हो," मी म्हणालो. "मागच्या बिल्डिंगमध्ये."

"काका, तिच्या सरांना आमच्या वर्गावर पाठवा ना. ते घावण्यावर फ्रॅक्शन्स शिकवतात. आणि वखारीत नेतात. आम्हाला कोण कुठे नेत नाही."

"सांगतो त्यांना."

"पण रागीट आहेत म्हणे खूप. सगळ्यांशी भांडतात, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. मनू तर मधल्या सुट्टीतपण खाली येत नाही, वर्गातच बसते, सरांना सोबत म्हणून." तिने मनूला कोपर मारलं. "मी हिला म्हटलं, वेडी आहेस काय, सर मोठे आहेत, ते बघतील त्यांचं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कमळाबाई वांगी निवडता निवडता थांबली होती. तिला सगळं ठाऊक होतं, मनू शाळेत जात नाही हेही. तिने वांगी पुन्हा निवडायला घेतली.

संघमित्रा गेली. आम्ही भाजी घेतली आणि घराकडे चालायला लागलो. अर्धा रस्ता संपला. मग मनू म्हणाली, "ओरड ना."

"कशाला?"

"खोटं बोलले म्हणून."

"मीपण बोललो," मी म्हणालो. सिग्नल पडला, आम्ही थांबलो. "मनू, तुला शाळेत जायचंय?"

ती चालेल म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर ती चालेल म्हणावी असंच मला वाटत होतं. मग मी घरी जाऊन सही केली असती आणि सगळं होतं तसं राहिलं असतं.

"जायचंय," ती म्हणाली. "कधीपासून जायचंय."

"मग बोलली का नाहीस?"

तिने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी गेल्यावर तू काय करणार?"

"मला ढीगभर कामं आहेत."

"कुठली?"

उदाहरण दिल्याशिवाय कुणाचं उत्तर घ्यायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मी म्हणालो, कपडे. मग म्हणालो, बँकेत जायचंय. कुठे नोकरी बघीन म्हणावं तर गेल्या तीन वर्षांत मी एकाही माणसाला फोन केलेला नव्हता आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माझं वेळापत्रक म्हणजे तिचं वेळापत्रक होतं. ते तिने केव्हाच ओळखलं होतं, आणि मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय.

लिफ्टमध्ये शिरल्यावर माझे डोळे भरून आले. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, आकड्यांकडे बघत राहिली. चौदाव्या मजल्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मी रोज घरी आले ना, की तुला सगळं सांगीन. पहिल्या तासापासून. कोण काय बोललं, कोणाला मार पडला, सगळं."

"सांग," मी म्हणालो.

"म्हणजे तुला बोलायला होईल."

"आणि तोपर्यंत?" हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला ते विचारायचं नसतं. मी ते गिळलं आणि कुलूप उघडलं.