रेडकू मोठं झालं की

“म्हशीच्या पिल्लाला काय म्हणतात?” दीप्ती टीचरनी विचारलं, आणि माझी नात प्रांजल सगळ्यांच्या आधी ओरडली, “रेडकू! माझ्या आजोबांनी शिकवलंय.”

बालवाडीतली वीस पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्चीवर ताठ बसलो. जोगेश्वरीच्या तबेल्यात तीस वर्षं धारा काढल्या, तेव्हा कुणी खुर्ची दिली नव्हती. आज दहिसरच्या या शाळेत मी पाहुणा होतो. पिल्लं मोठी कशी होतात, ते सांगायचं होतं. सूनबाईने इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता.

सुरुवात झकास झाली. रेडकू जन्मल्यावर लटपटत उभं राहतं, आईला ढुशा देत दूध पितं, मग हळूहळू शिंगं फुटतात. मादी असली की तिची म्हैस होते.

“आणि बॉय असला तर?” केतन नावाच्या पोराने विचारलं.

“त्याचो रेडो होता.” घाबरलो की माझ्या तोंडात मालवणी येते.

“तुमच्याकडे किती रेडे होते?”

मेल्याने नेमकं तेच विचारलं. एकही नव्हता. सगळं दूध विकायचं, नर रेडकाला कोण पाजणार? आठ-दहा दिवसांत ते मरायचं. पण रेडकू समोर नसलं की म्हैस पान्हा चोरते. म्हणून त्याचंच कातडं पेंढा भरून तिच्यापुढे उभं करायचं. ती ते चाटत राहायची आणि आम्ही दूध काढायचो. कातडं शिवायचं काम माझं. माझा टाका बारीक म्हणून शेठ कौतुक करायचा, आणि मीही फुगायचो.

“खूप होते. सगळे गावाक पाठवले.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत वाटली नाही ती लाज त्या टाळ्यांनी वाटली. मला मान वर करवेना.

निघताना प्रांजलने खेळण्यांतलं काळं कापडी रेडकू आणलं. पोटाची शिवण उसवून कापूस बाहेर आला होता.

“टीचर, सुई द्या ना. माझे आजोबा शिवतील.”

दीप्ती टीचरनी सुई-दोरा पुढे केला.

“माका शिवूक येणा नाय,” मी म्हणालो.

प्रांजल माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या खांद्यावरच्या दप्तराचा पट्टा मी कालच शिवून दिला होता.