बिनपरवान्याचं केंद्र

महिपतीने रेडिओ स्टेशन विकत घेतलं ते पंचाण्णव साली, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या लछमनदास मेकॅनिककडून. स्टेशन म्हणजे काय, तर तेलाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, माइक, टेपरेकॉर्डर आणि एक लांब अँटेना. कुळगावात महिपतीचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. घरोघरी कॅसेटचे डेक आले आणि धंदा बसला.

"तीन मील तक चलेगा," लछमनदास म्हणाला. "दुकानवालों का ऐड लगाओ."

"और लायसन?"

"मांगोगे तो मिलेगा नहीं. इसलिए मांगना मत."

एवढं बोलून त्याने शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी त्याने शटर का ओढलं, हे महिपतीला घरी आल्यावर सुचलं. त्या दिवसापासून त्याच्या मनात भीतीने जे घर केलं, ते कायमचंच.

धंदा मात्र चालला. संध्याकाळी पाच ते सात महिपतीची बायको कौसाबाई माडीवरच्या खोलीतून बोलायची. गिरणी उद्या बंद, साड्यांचा नवा माल आला, सोनिवलीच्या अमक्यांची शेळी हरवली. मध्ये भजनं, भावगीतं. महिन्याभरात बाजारात भाजीवाल्या तिला आवाजावरून ओळखायला लागल्या. तिला त्याचं कौतुक वाटे आणि महिपतीला घाम फुटे. बाजार ओळखतो म्हणजे पोलीस ओळखणार. दाराशी स्कूटर थांबली तरी तो पेटीवर गोधडी टाकायचा.

एका सोमवारी अंबरनाथहून कॅसेटवाला कोंडाजी आला. चहाला हात न लावता म्हणाला, "महिपतीशेठ, सरकारी जीप फिरतेय. टपावर गोल कडं आहे. ते फिरवतात आणि बरोबर घर काढतात. आमच्याकडे एकाला उचललाय."

महिपतीने तिथल्या तिथे अँटेना उतरवला, पेटी तांदळाच्या पिंपात पुरली. चार दिवस केंद्र मुकं राहिलं. दुकानदार विचारायला येत, तो सांगे, "मशीन बिघडलंय." त्याला जेवण जाईना.

शुक्रवारी चारच्या सुमारास जीप कुळगावात आली. समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली. टपावर कडं होतं. खिडकीच्या फटीतून महिपती बघत राहिला. आत दोन माणसं होती, एकाच्या कानाला यंत्र.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पण आला तो सुदाम, मागच्या आळीत राहणारा, कारखान्यात फिटर. शर्ट घामाने भिजलेला.

"वहिनी, आई सकाळपासून नाही. तिला हल्ली काही आठवत नाही, माहीतच आहे तुम्हाला. रेल्वे स्टेशन बघितलं, नदीकडे माणसं पाठवली. अंधार पडायच्या आत रेडिओवर सांगा."

कौसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. महिपतीने खिडकीकडे बोट दाखवलं. सुदामने बाहेर बघितलं आणि त्याला सगळं कळलं. तो नुसता दाराला टेकून उभा राहिला.

कौसाबाई उठली, पिंपात हात घालून पेटी काढली. तांदूळ घरभर सांडले. "मी बोलते," ती म्हणाली. "पण अँटेना मला चढवता येणार नाही, अहो."

महिपती गच्चीवर गेला. कसा गेला ते त्यालाही नंतर सांगता येईना. बांबूला तार बांधताना गाठ दोनदा सुटली. खाली जीपमधला माणूस बाहेर आला, कपाळावर हात धरून वर बघू लागला. दोघांची नजर भेटली. महिपतीला वाटलं, बांबू सोडून द्यावा, हात जोडावेत. त्याने गाठ तिसऱ्यांदा मारली आणि ओरडला, "बोल!"

"सुंदराबाई, वय सत्तर. हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू नाही, हातावर नाव गोंदलेलं. कुणाला दिसल्या तर बसवून ठेवा, कुळगावला निरोप द्या."

दुसऱ्यांदा सांगताना कौसाबाई अर्ध्यावर आली आणि जीपमधल्या साहेबांनी खोलीत शिरून वायर उपटली.

पोलीस ठाण्याच्या बाकावर महिपती पाय आवळून बसला. कोठडीपेक्षा आता दुसरीच भीती त्याला खात होती. ती पहिली खेप कुणी ऐकली का? चार दिवस केंद्र बंद, आज रेडिओ लावलाय कुणी?

सातच्या सुमारास सुदाम आला. बेलवलीतली एक शिंपीण शिलाई मशीन चालवताना सवयीने रेडिओचा काटा तिथेच ठेवून बसली होती. चारही दिवस नुसती खरखर ऐकत. आवाज आला आणि तिने मान वर केली, तर समोरच्या ओट्यावर हिरव्या लुगड्यातली म्हातारी, माहेरची वाट विचारत बसलेली.

महिपतीने ऐकलं आणि तोंडावर रुमाल धरला. सुदामने त्याच्या जामिनावर सही केली.

खटला दोन वर्षं चालला. पेटी परत मिळाली नाही. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "जीप समोर दिसत असताना अँटेना चढवलात. भीती नाही वाटली?"

"वाटली, साहेब," महिपती म्हणाला. "आत्ताही वाटतेय."

दंड भरून तो बाहेर आला, पण पायऱ्या उतरवेनात. तो तिथेच बसला. कौसाबाई शेजारी बसली. त्याच्या पायांची थरथर थांबेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.