डी खाली आहे

"सर, लॅपटॉप का ड्राइवर छुट्टी पे चला जाए, तो गाड़ी कौन चलाएगा?"

प्रश्न शमिकाचा नव्हताच, तिच्या मैत्रिणीचा, तन्वीचा होता. ‘विचारून दाखव, समोसा माझ्याकडून!’ अशी पैज लागल्यावर शमिका गप्प बसते होय? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. कॉम्प्युटरचे जितेंद्र सर मात्र हसले नाहीत.

"कोई नहीं चलाएगा," ते म्हणाले. "आवाज़ का ड्राइवर गया, तो लैपटॉप गूँगा. अंदर सब कुछ है, बस मुँह नहीं खुलता."

शमिका समोसा विसरूनच गेली. अगदी असंच माणूस तिच्या घरी होतं.

नलिनी आजी म्हणजे शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांमधली गोष्टींची आजी. भोपाळात वाढणाऱ्या पोरांच्या कानावर चार मराठी शब्द पडावेत, म्हणून ती दर रविवारी अंगणात स्वतः रचलेल्या गोष्टी सांगायची आणि आबा त्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे. दिवाळीनंतर आजीला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द अडकले. तेव्हापासून सकाळी आबा तिचीच एखादी गोष्ट लावायचे आणि आजी स्वतःच्या जुन्या आवाजामागून एकेक शब्द म्हणायची. मागून म्हणायची तेवढंच. आपलं आपण काही यायचं नाही. त्यात लॅपटॉप इतका म्हातारा की तो उघडेपर्यंत आजी दमून जायची.

"आबा, मी याच्यात दुसरी सिस्टिम टाकते," शमिकाने जाहीर केलं. "एकदम हलकी. तुमची जुनी आहे तशीच राहील. सुरू करताना लॅपटॉपच विचारेल, कोणती हवी म्हणून."

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं?"

"हो, पण चुली वेगळ्या!"

"मग भांडणार नाहीत," आबा म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

शनिवारची दुपार. आई-बाबा बाजारात, आजी खुर्चीत. पेनड्राइव्ह लावून शमिका कामाला लागली. नव्या बिऱ्हाडाला जागा हवी होती. स्क्रीनवर दोन कप्पे दिसत होते, सी आणि डी.

"आबा," ती ओरडली, "डी घेऊ का?"

"डी ना?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "डी खाली आहे!"

झालं. शमिकाने डी पुसला आणि त्यावर नवी सिस्टिम बसवली.

आबा कप घेऊन आले. "वा! आता लाव बघू डीमधली एखादी गोष्ट."

"डीमधली? अहो, तुम्हीच म्हणालात ना, खाली आहे!"

"खालीच आहे की. सी वर, डी खाली. मला वाटलं, तुला दिसत नाहीये."

घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शमिकाच्या डोक्यातही जन्मापासून दोन सिस्टिम होत्या, आणि नेमक्या त्या घडीला चुकीची सुरू झाली. आबांचं ‘खाली’ तिने हिंदीत ऐकलं: रिकामा!

आबा कप ठेवून आजीच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिने रडतच सरांना फोन लावला. "रोना बाद में," सर म्हणाले. पुसलं म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या काढल्या, सामान अजून आतच असतं. नव्या सिस्टिमने जेवढी जागा घेतली, तेवढंच गेलं. आता त्या कप्प्यात काहीही लिहायचं नाही. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालवायचा आणि सापडेल ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्यायचं.

रविवारी सकाळपर्यंत बऱ्याच फायली परत आल्या. पाट्या मात्र नव्हत्या. गोष्टींची नावं जाऊन नुसते आकडे उरले होते. काढायचं काम संपलं होतं, तेव्हा शमिकाने नवी सिस्टिम सुरू केली आणि त्यातली एक लावली. स्क्रीनवर काटा पुढे सरकू लागला, पण आवाज? शून्य! आवाजाच्या खुणेपाशी लिहिलं होतं, ‘डमी’. म्हणजे आवाजाचा ड्रायव्हरच नव्हता. जुन्या सिस्टिममध्ये ऐकावं, तर तिला हा पेनड्राइव्ह ओळखताच येईना.

"मुका झालाय," शमिका पुटपुटली. "पण आत सगळं आहे."

आजीने मान वर केली.

मग पोरगी हट्टालाच पेटली. मोबाइल वायरने जोडून नेट घेतलं, लॅपटॉपमधल्या आवाजाच्या चिपचं नाव हुडकलं, तिचा ड्रायव्हर उतरवला, बसवला. चुकला. काढला, दुसरा बसवला. लॅपटॉप बंद करून चालू केला आणि डोळे मिटून फाइल लावली.

"ऐका रे कार्ट्यांनो!" खोलीत आजी कडाडली. जुनी, खणखणीत आजी. "शाहपुऱ्याच्या तळ्यात एक बदक होतं, आणि त्याला आली सरकारी ऑर्डर..."

"ब..." खुर्चीतली आजी पुढे झुकली. "बद... बदकाची बदली!"

आबांच्या हातातला चहा बशीत सांडला. हे शब्द लॅपटॉपने उच्चारलेले नव्हते. हे गोष्टीचं नाव होतं, आणि ते आजीला आपलं आपण आठवलं होतं.

शमिकाने ते टाइप केलं. दुसरी फाइल लावली. आबा नाव सांगायला निघाले, तर आजीने हात वर करून त्यांना थांबवलं. "मी!" बराच वेळ ओठ हलले, मग नाव आलं. तिसरीचं काही केल्या आलं नाही. "उद्या," आजी म्हणाली.

"आजी, काही गोष्टी गेल्याच गं. माझ्यामुळे."

आजीने तिचा कान पिळला, हळूच. "पुन्हा... सांगीन. तू... भर."

रात्री जेवताना बाबांनी नेहमीचा विषय काढला. दहावीनंतर शमिकाला राजस्थानातल्या कोट्याला पाठवायचं जवळजवळ ठरलंच होतं. तिथलं हॉस्टेल, तिथले क्लास, दोन वर्षं.

शमिकाने ताटातला हात थांबवला. आवाज चोख निघाला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी कोट्याला जाणार नाही. कोटऱ्याला जाणार."

"कुठे?" आई-बाबा एकदमच म्हणाले.

"कोटरा! आपलं, नेहरू नगरजवळचं. तन्वी जाते त्या क्लासला. सायकलवर जाईन आणि अभ्यासही करीन, शप्पथ. पण सकाळी मी आणि आजी कामात असू. तिला गोष्टी सांगायच्यात आणि मला डी भरायचाय."