टेबलाखालचा करार

मास्तरीणबाई नुसत्या डोळ्यांनी अख्खा वर्ग गप्प करायच्या, पण पोटचा पोरगा काही त्या डोळ्यांना दाद देईना. आई दाराकडे बघतेय म्हणजे आता निघायचं, हे त्याच्या गावीही नसे. उलट सांगायचा, "आई, चष्मा पुसायला झालाय." पुढे तो मोठा झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ऑटिझम; समोरच्याची नजर वळली की आपलीही वळते, ते याचं आपसूक होत नाही. म्हणजे हट्ट नव्हताच. आधी केलेली रागवारागवी आठवून मास्तरीणबाईंना फार वाईट वाटलं.

आता हा लिफ्ट दुरुस्त करणारा पोरगा एका शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला होता, आणि आज तिच्या घरी जेवायला बोलावणं होतं. लग्न जमणार की फिसकटणार, ते या जेवणावर. म्हणून मायलेकांनी करार केला: आईने टेबलाखाली पाय दाबला की याने बोलणं थांबवायचं.

मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "लिफ्ट मध्येच का हो अडकते?" झालं, स्वारी सुटली. दोर झाले, दाराचे स्विच झाले, वडीलही हौशी, प्रश्नावर प्रश्न. मुलीच्या आईने जांभई गिळली. मास्तरीणबाईंनी पाय दाबला. पोरगा चालूच. वडील मात्र "मग त्या ब्रेकचं..." एवढं म्हणून चिडीचूप. बाईंनी आता टाच लावली.

वडील मुलीकडे वळले. "अगं, झालो ना गप्प. अजून किती दाबशील?"

"मी पाय हलवलासुद्धा नाही, बाबा."

पोराने वाकून टेबलाखाली पाहिलं. "आई, तो पाय माझा नाहीये."

मास्तरीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं मुसळ केरात गेलं म्हणायचं.

"तुमच्याकडेही पायानेच चालतं?" मुलीने विचारलं. "मलाही डोळ्यांच्या खुणा कळत नाहीत. म्हणून आमच्या घरात हेच ठरलंय. बाबांचं तोंड तर मीच आवरते."

मुलीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मास्तरीणबाईंकडे, आणि बाईंचे डोळे भरून आले. तिकडे मुलगी म्हणाली, "ब्रेकचं राहिलं ना?" आणि दोघं पुन्हा ब्रेकमध्ये शिरले.

जरा वेळाने पोराने मान वर केली. "आई, लग्नाचं काय ठरलं? कुणी काही बोललंच नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि त्याला तोंडाने सांगितलं, "जमलं रे बाळा. जमलं."