बारा आचारी

जामनेरच्या मळ्यात, भर दुपारी, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरितासाठी हिरव्या वांग्यांची साल तडकत होती. स्वप्नील बोलून गेला होता, आणि त्याचे वाक्य पंडितआबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काळे पडत होते. "तुमच्या क्रूझरवरची निम्मी माणसं नुसतं ओझं होती, आबा."

आबा तरुणपणी नौदलाच्या त्या क्रूझरवर, मोठ्या युद्धनौकेवर, आचारी होते. नातू स्वप्नील आता युद्धनौकांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात इंजिनिअर. नव्या जहाजावर किती माणसे हवीत, याचा त्याने केलेला तक्ता सोमवारी वरिष्ठांकडे जायचा होता.

"नऊशे होतो आम्ही," आबा म्हणाले.

"कारण वाफेचे बॉयलर होते, तोफा हातानं भरायच्या होत्या. त्याच्याही आधी कोळसा ओढायलाच शेकड्यांनी माणसं लागत. आता गॅस टर्बाइन आहेत. तीनशेत भागतं. मी अडीचशेवर आणलंय."

"कोणाकोणाला काढलेस?"

"बरेच. त्यात बारा आचारी. जेवण पाकिटांतून येईल, फक्त गरम करायचं."

"पाकिटमातलं भरीत खाशी का रे भो?" भागाबाई आजी हसली. तिच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही.

"सायरन वाजला की मी आचारी नसायचो," आबांचा आवाज थंड होता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. "न्हावी स्ट्रेचर उचलायचा, कारकून दारूगोळा. आचारी आग विझवायला पाण्याचे पाइप धरायचे. बॉयलरपाशी आग लागली तेव्हा माझ्या जोडीचा आचारी पुना आणि मी खाली उतरलो. पुनाच्या तळहातांची कातडी त्या तापलेल्या पाइपाला चिकटून राहिली. आतले नऊ जण जिवंत बाहेर आले. तुझ्या तक्त्यात माणसाच्या दुसऱ्या कामाचा रकाना आहे?"

"आता आपोआप सुरू होणारे फवारे असतात."

"आणि स्फोटात फवाऱ्यांची नळीच तुटली तर?"

स्वप्नीलचा आवाज चढला. "वर्षभर खपलोय मी त्या तक्त्यावर. आता मागे घेतला तर माझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? तिथं आचारी कुणी मोजत नाही, आबा."

"मी मोजतोय. सोमवारपर्यंत तक्ता तुझ्या हातात आहे. त्या बारा जणांचे पाइप कुणाच्या हातात दिलेस, एवढंच सांग."

स्वप्नीलने समोरचे ताट सरकवले, चपला पायात अडकवल्या आणि मान खाली घालून तो बांधावरून रस्त्याकडे चालू लागला.