लाल ठिपक्याचा चमचा

“लेकरू व्हायच्या आधी ही दाढ भरून घ्या. आईच्या तोंडातली कीड लेकराच्या तोंडात जाते.”

बसवकल्याणच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या तोवर तुळजा खुर्चीतून उतरून पर्स शोधत होती. मशीनचा घर्रर्र तिला पुरला होता. बाहेर येऊन नवऱ्याला, अनिलकुमारला म्हणाली, “ह्यांला काय, गिऱ्हाईक पायजे.”

चार वर्षांनी, तीन वर्षांच्या रेणूच्या पुढच्या दातावर काळा ठिपका दिसला, तेव्हा तिला ते बोलणं आठवलं. पण अर्धंच. तोंडातली कीड तोंडात जाते, एवढं. कुणाच्या तोंडातली, हे बी.एस्सी. झालेली तुळजा सोयीनं विसरली.

संशय सासूवर गेला. पद्माबाई भाकरीचा घास चावून मऊ करायच्या आणि नातीला भरवायच्या.

“आत्याबाई, उष्टं देऊ नका. जंतू जातेत.”

“माझ्या तोंडात जंतू? अनिलकुमारला असंच वाढवलंय मी. बघ त्याचे दात.”

अनिलकुमारनं निमूट दात दाखवले. घासायचा कंटाळा करणाऱ्या त्या माणसाचे दात मक्याच्या कणसासारखे होते. तुळजाला त्याचाही राग आला.

“घराणं हाय हे,” पद्माबाई म्हणाल्या. “पोरीला माहेरचं काय आलंय ते बघ.”

दुसऱ्या दिवशी तुळजानं चमच्यांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल रेणूचा, निळा सासूचा. मुका घ्यायचा तर कपाळाचा. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला. पद्माबाईंनी शेजारच्या सिद्धव्वाला सांगितलं, “सून न्हाई, चेकपोस्ट बसलंय घरात.”

शेवटी मुडबी गावाहून सगळं घर बसवकल्याणच्या त्याच दवाखान्यात आलं. तुळजानं सासूला पुढं केलं.

“आधी ह्यांचं तोंड बघा.”

पद्माबाईंनी आ केला. डॉक्टरीणबाई बॅटरी धरून बघतच राहिल्या. साठीतल्या त्या तोंडात एकही दात किडलेला नव्हता.

“घराणं,” तोंड मिटताच पद्माबाई म्हणाल्या.

“थोडं घराणं, जास्त घरातल्या सवयी. गोड कितीदा खाता, उष्टं कुणाचं खाता. चावलेला घास तुम्हीही देऊ नका, आजी.”

तुळजा समाधानानं हसली. तेवढ्यात रेणू भुकेनं कुरकुरायला लागली. तुळजानं पिशवीतून खिचडीचा डबा आणि लाल ठिपक्याचा चमचा काढला. घास घेतला, फुंकर मारली, पोळतंय का म्हणून स्वतःच्या ओठाला लावला, जिभेनं जरा चाखला, आणि रेणूच्या तोंडात दिला.



“रोज असंच?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तोंड पोळंल की तिचं. म्हणून दुसऱ्या कुणाला भरवू देत न्हाई मी.”

“घास मनगटावर टेकवून बघत जा. आणि ती दाढ?”

तुळजानं तोंड घट्ट मिटलं. पद्माबाईंनी पदर ओठांवर घेतला. खांदे मात्र हलत होते. मग त्यांनीच सुनेचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं.

“पोरीकडं मी बघते. तू आ कर.”

आता मशीन चालू आहे. दार अर्धं उघडं आहे. पलीकडच्या बाकावर रेणू, डबा, आणि पद्माबाईंच्या हातात लाल ठिपक्याचा चमचा. तुळजाला एवढंच दिसतंय, पुढचं दाराआड. तिथं तुम्ही कुणी नंबर लावून बसला असाल तर तिच्यासाठी जरा बघा, चमचा मनगटाकडं चाललाय की ओठाकडं. तिनं स्वतःच विचारलं असतं, पण तिला सध्या बोलता येत नाही.